झारी रिकामी होईपर्यंत

४ फेब्रुवारी

बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही – ते तर ओरडण्याहून वाईट, म्हणाले डॉक्टर. स्वरयंत्रावरच्या गाठी काढल्यात, जखम भरेपर्यंत तोंड बंद. इतकी वर्षं पोहण्याच्या तलावावर ओरडण्यात गेली. "गुडघा वाकवू नकोस, पाय सरळ मार!" उंच छताखाली आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, म्हणून आणखी जोरात.

तलावाच्या तिकीटखिडकीवरची मैत्रीण भेटायला आली, कुंडी ठेवून गेली. मण्यांची वेल. हिरव्या दोऱ्यात हिरवे मणी ओवल्यासारखी, खाली लोंबणारी. "फार माया लावू नकोस," म्हणाली. "मणी सुरकुतले की पाणी. एरवी नुसतं बघत बस." नवऱ्याने खिडकीत टांगून दिली.

७ फेब्रुवारी

बघत बसले. सकाळी ऊन मण्यांतून आरपार जातं, आतलं पाणी दिसल्यासारखं वाटतं. दुपारी वेलीची सावली भिंतीवरून सरकत पलंगापर्यंत येते. मध्येच डोळा लागतो. जाग आली की आपण तलावाच्या तळाशी आहोत आणि वर कुठेतरी पोरं पाय मारताहेत, असं वाटतं.

१० फेब्रुवारी

सासूबाई वेलीशी बोलतात!

गेल्या वर्षी इथे राहायला आल्या, पण आमचं बोलणं कामापुरतं. आज स्टुलावर चढून झारीने पाणी घालत होत्या. मी पलंगावर डोळे मिटून. "बरं वाटतं गं, कुणी मध्ये तोंड घालत नाही," वेलीला म्हणाल्या. "हिचे सासरे माझं वाक्य स्वतःच पुरं करायचे. मुलगा तसाच. आणि ही तर काय, तलावावरची. मी 'आज बाजारात' म्हटलं की ही 'मी आणते' म्हणून चप्पल घालून तयार."

झारी संपली. उतरल्या, स्वयंपाकघरात गेल्या.

मी डोळे उघडलेच नाहीत.

१३ फेब्रुवारी

लग्नाआधी सासूबाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. मला पत्ताच नव्हता. नवऱ्यालाही नसावा.

"समोर भोकांचा फळा, हातात वायरी," वेलीला सांगत होत्या. "रोज संध्याकाळी एक माणूस एकच नंबर मागायचा. पलीकडे कुणी उचलायचं नाही. मी म्हणायचे, उचलत नाहीत हो. तो म्हणायचा, वाजू दे जरा वेळ. कितीही काम असलं तरी मी वाजू द्यायचे."

पाणी संपलं तशी गोष्टही थांबली. हल्ली धार बारीक धरतात.

१५ फेब्रुवारी

आजही पाणी. कुंडीत बोट घातलं – नुसता चिखल. ही वाळवंटातली जात, मणी म्हणजेच हिची पाण्याची टाकी. सांगू कसं? चिठ्ठी लिहिली: "आई, वेलीला पाणी नको." चिठ्ठी उशीखालीच ठेवली. पाणी बंद झालं तर त्या स्टुलावर कशाला चढतील?

१९ फेब्रुवारी

मणी काचेसारखे झालेत. हात लावला की फुटतात, बोटांना ओल लागते. मुळाशी देठ काळे.

तो माणूस मात्र अजून नंबर मागतोय. एकदा त्याने विचारलं, "बाई, तुम्ही जेवलात का?" त्यावर सासूबाई स्टुलावर उभ्या उभ्याच हसल्या. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

त्या आंघोळीला गेल्या तेव्हा कात्री घेतली. शेंड्याकडचे चांगले तुकडे कापले, पसरट थाळीत भुसभुशीत वाळूमाती घालून त्यावर नुसते आडवे ठेवले. पुरायचे नाहीत. थाळी दुसऱ्या खोलीच्या खिडकीत.

२४ फेब्रुवारी

टांगलेली वेल गेली. सासूबाईंनी कुंडी खाली काढली, बराच वेळ मांडीवर घेऊन बसल्या. "मीच मारली," म्हणाल्या. या वेळी मला उद्देशून. मी हात हलवून नाही, नाही केलं. त्यांनी झारी उचलून माळ्यावर टाकली.

२ मार्च

घरात आता दोघी मुक्या. "चहा?" – मान. "पोळी?" – मान.

डॉक्टरांनी मुदत वाढवली, जखम अजून ओली आहे. खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. वाईट वाटतंय ते त्या माणसाचं. फोन वाजतोय आणि ऐकायला कुणी नाही.

१५ मार्च

तुकड्यांना मुळं फुटली! मण्यांच्या मधोमध पांढरे केस, मातीत बोटं खुपसल्यासारखे. थाळी बाहेर आणली, बैठकीच्या खिडकीत ठेवली, शेजारी खुर्ची. सासूबाईंना हाताला धरून आणून बसवलं.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

मी मानेनं नको म्हटलं. त्यांच्याच हाताने माती चाचपून दाखवली. मग थाळीकडे बोट दाखवलं, नंतर त्यांच्या ओठांकडे. कळलं त्यांना. मी ऐकत होते हे.

रागावल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला. "पुढे ऐकायचंय?" म्हणाल्या.

१८ मार्च

आज झारी नव्हती, त्यामुळे थांबायचं कारणही नव्हतं. कितीदा तरी अडल्या, शब्द शोधत राहिल्या. मला तो शब्द आधीच सुचत होता. गप्प बसले.

एका संध्याकाळी त्या माणसाचा फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. मग एक्सचेंजमध्ये कुणाचं लक्ष नाही असं बघून सासूबाईंनी स्वतःच तो नंबर लावला. वाजू दिला.

"आणि उचलला गं कुणीतरी," म्हणाल्या. तेवढ्यात नवरा कामावरून आला. "काय चाललंय दोघींचं?" म्हणून चप्पल काढत आमच्यामध्ये येऊन बसला.

१९ मार्च

डॉक्टरांनी 'आ' म्हणायला लावलं. आवाज आला. जरा जाडसर, पण माझाच. "आजपासून बोला," म्हणाले. रस्ताभर एकही शब्द काढला नाही. दार उघडून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय म्हणाले?"

मी 'अजून नाही' अशी मान हलवली, आणि त्यांची खुर्ची खिडकीशी ओढून दिली.