दोनदा, मग एकदा

१६ नोव्हेंबर २००३
नाशिक रोडचं बिऱ्हाड मोडून आज इगतपुरीत आलो. टेम्पोवाल्याने सोफा उलटा उतरवला, त्याच्या पाठीवर बसूनच पहिला चहा घेतला. घर बैठं, मागे डोंगर, समोर पेरूचं झाड. गारठा मात्र असा, की प्रतिभाचे गुडघे दारातच कुरकुरले. तिला म्हटलं, इतकी वर्षं वीटभट्टी चालवली, बायकोला ऊब देता येत नसेल तर उपयोग काय माझा? ती म्हणाली, आधी बादलीभर पाणी तापवा, मग फुशारक्या मारा.

सोबत धोंडाबाई आहे. पूर्वी भट्टीवर मजूर होती, गेली बारा वर्षं आमच्या घरी. नवरा नाथा तिला टाकून गेला. कपाळावर तरी अजून रुपयाएवढं कुंकू.

२३ नोव्हेंबर
ओझरच्या विमान कारखान्याला विटा पुरवायचो तेव्हा एका रशियन इंजिनिअरने आराखडा काढून दिला होता, तो सापडला. त्यांच्याकडे घराघरात अशी विटांची शेगडी असते म्हणे, पुरुषभर उंच. मी तिला ऊबभिंत म्हणतो. सकाळी तासभर वाळकं बाभळीचं लाकूड भडभडा जाळायचं. धूर सरळ वर न जाता विटांच्या पोटातून खाली-वर फिरतो, धग विटांत मुरते. निखारे पार विझले की धुराड्याची झडप लावायची. घाई केली तर विषारी धुराने घर झोपतं ते उठतच नाही. झडप नीट लागली की मग दिवसभर लाकूड नको.

आतला गाभा आणि बाहेरचं आवरण यांत बोटभर फट, नाहीतर भिंत तापून फुगते नि तडकते. सिमेंट नाही, माती आणि वाळू. गाभ्यासाठी ९१ सालच्या माझ्या शेवटच्या भट्टीतल्या चारशे विटा काढल्या. काळपट, खणखणीत. इतकी वर्षं ना विकल्या ना वापरल्या. का, ते इथे नको. कडक माल वाया कशाला घालवा?

७ डिसेंबर
ऊबभिंत उभी राहिली. एकेक वीट बोटाच्या पेराने वाजवून लावली. खण् वाजली तर पक्की, बद्द वाजली तर फुटकी. हे कान मला नाथाने दिले. मी भट्टीवर नवा हमाल होतो आणि तो मुकादम. दोनदा ठोक, थांब, मग एकदा. "वीट बोलती रं, ऐकनारा पायजे," म्हणायचा. पुढे मी शेठ झालो, तो माझ्या हाताखाली आला. कुरकुरला नाही कधी. चांदवडपर्यंत बोलबाला झाला तो माझ्या कानांचा.

आता दहा दिवस चिमूटभर जाळ, ओल सुकेपर्यंत.

१८ डिसेंबर
पहिला पूर्ण जाळ. प्रतिभा भिंतीला पाठ लावून बसली ती जेवायलाच उठली. म्हणाली, तुमची वीट जन्मात पहिल्यांदा माझ्या कामी आली. राख काढायचं आणि काजळीचं दार झाडायचं काम धोंडाबाईने स्वतःहून घेतलं.

दुपारी भिंत निवताना टिक टिक आवाज. वीट आक्रसते. असंच असतं.

२७ डिसेंबर
दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात. दोनदा. थांबून एकदा.

सगळे सांधे तपासले. एकही सैल नाही. प्रतिभाने विचारलं, कसला आवाज? म्हणालो, वीट तडकतेय.

जिभेवर राख आल्यासारखं झालं. हेच वाक्य मी आधी एकदा बोललोय.

४ जानेवारी २००४
लिहूनच टाकतो.

९१ साली ती शेवटची भट्टी रचून झाली होती. खालच्या जाळाच्या बोळात दोन विटा ढासळल्या म्हणून नाथा सरपटत आत गेला. मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ, पेटवताना माहीत नव्हतं. आभाळ भरून आलं होतं, मी घाई केली. पेटवून बोळ लिंपले. थोड्या वेळाने आतून आवाज आला. दोनदा, मग एकदा. मजूर माझ्याकडे बघू लागले, कारण कान माझे. पेटलेली भट्टी उघडत नाहीत, असा रिवाज. उघडली असती तर सगळा माल गेला असता.

मी म्हणालो, कच्ची वीट तडकतेय.

धोंडाबाई त्या दिवशी भट्टीवर नव्हती; तिला सांगितलं, नाथा पळाला. तिला खरं वाटावं म्हणून सोबत एक बाईही जोडून दिली.

११ जानेवारी
चार दिवस जाळ बंद. भिंत गरमच. आवाज रोज. जेवताना धोंडाबाई वाढते, मी ताटातून मान वर करत नाही.

१८ जानेवारी
संक्रांतीचं हळदीकुंकू. प्रतिभाने धोंडाबाईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, वाण दिलं. शेजारणींनी नाव घ्यायला लावलं. लाजत घेतलं तिने. नाथाचं.

भिंतीतून लगेच उत्तर आलं.

सगळ्या हसत होत्या, कुणाला कळलं नाही. धोंडाबाई उठली. भिंतीला कान लावला. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "शेठ, दारावर असंच ठोकायचा तो. तुमाला कवापासून ऐकू येतंय?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सगळ्या बायका बघत होत्या. मी म्हणालो —

वीट तडकतेय, म्हणालो.

तिने पदराने कपाळ पुसलं.

२० जानेवारी, सकाळ
हातोडा आणि ही वही घेऊन ऊबभिंतीच्या खोलीत आलो. भिंत फोडायची, मग तिच्या पाया पडायचं. सगळं सांगायचं. नक्की.

पहिला घाव घातला आणि मागे दार लागलं. उघडत नाही. कडी हाताला चटका देते — आज जाळ नाही केला — लाकूडच नाही आत —

झडप आपोआप

आवाज फुटत नाही, घसा भाजलाय. दार ठोकतोय. हात सुचेल तसा ठोकतो, पण निघतं तेच — दोनदा — मग —

बाहेर प्रतिभा. कान शाबूत आहेत माझे, सगळं ऐकू येतंय. विचारतेय, कसला गं आवाज हा?

धोंडाबाई तिथेच आहे. बांगड्या वाजत नाहीत तिच्या.

म्हणतेय, "काय नाय वैनी, वीट तडकती."

प्रतिभाची पावलं लांब — प्रति