ताहरच्या शेजारची जागा

मी, हनिया बिंत मेस्बाह, वय अडुसष्ट, राहणार बीर झैतून, गाबेस, ट्यूनिशिया, गुडघे सोडून बाकी सगळं शाबूत असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते.

राहतं घर आणि अंगणातलं डाळिंब भाचीला, सौसनला. माझा डफ तिच्या मुलीला. मी गावातल्या काळ्यांपैकी; गोऱ्यांच्या लग्नांत मी तो जन्मभर वाजवला आणि जेवले मागच्या दाराशी. पोरीला सगळ्यांबरोबर जेवायला बसवणार असतील, तरच तिने वाजवावा.

सिनेमाची रिळं गावच्या फिल्म क्लबला. नवरी काळी, नवरा गोरा, अशी गोष्ट घेऊन ट्यूनिसहून एक दिग्दर्शिका आली होती. नवरी मी झाले. नवऱ्याच्या कामाला कुणी आपला मुलगा देईना, म्हणून मांडव ठोकायला आलेला सुतार ताहर उभा राहिला. काझीच्या भूमिकेत खरेच काझी, शेख अम्मार. त्यांनी सवयीने आमची खरी नावं घेतली, आणि चार लोकांसमोर आम्ही 'कबूल' म्हणून बसलो. थट्टेत लागलेला निकाहही लागतोच, असं आमच्यात मानतात. गावात एकच गहजब झाला. ताहरची बहीण मोंजिया धावत आली.

"आत्ताच्या आत्ता तलाक दे तिला! काळी वहिनी आणतोस होय रे घरात?"

"लग्न खोटं असेल तर तलाक कशाचा देऊ? आणि खरं असेल तर का देऊ?" ताहर म्हणाला.

संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन तो माझ्याकडे आला. "दार घासतंय तुझं," एवढंच म्हणाला. पुढे नगरपालिकेत रीतसर नोंदणी केली. त्या माणसावर माझा फार जीव होता. हत्यारं सौसनच्या नवऱ्याला. रंधा गंजू देऊ नये.

पितळी परात मोंजियाला. माझ्या हातचा कुसकुस तिने कधी खाल्ला नाही, म्हणून मुद्दाम. ताहर गेल्यापासून मात्र ती दर शुक्रवारी येऊन उंबऱ्यावर बसते. मलाही तेवढ्याने बरं वाटतं.

आता मुख्य. काळ्यांची दफनभूमी रस्त्यापलीकडे आहे, माझे आईबाप तिथेच आहेत. मला मात्र रस्त्याच्या अलीकडे, गोऱ्यांच्या दफनभूमीत, ताहरच्या शेजारी ठेवावं. ती जागा मोंजियाने स्वतःसाठी राखली आहे. म्हणून तिलाच साक्षीला बोलावलं आहे आणि हे सगळं वाचून दाखवणार आहे. ती उठून गेली तर हे कलम रद्द समजावं. माझ्या मयतीवर भांडू नये.

बीर झैतून, १४ मार्च २०१९
सही: हनिया बिंत मेस्बाह

साक्षीदार:
१. नेजी, शिंपी, शेजारी.
२. मोंजिया, ताहरची बहीण. सगळं ऐकलं. जागा हनियाची. तिच्या दुसऱ्या बाजूला मला ठेवा.