शेवटून दुसरा आकडा

सर, तुमचा जुना कॉम्प्युटर अजून चालतो. शिवाजी पेठेतल्या आपल्या कार्यालयात सीडी लिहिणारं तेवढं एकच यंत्र उरलंय, आणि आपल्या वकिलांना पुरावा अजून सीडीवरच लागतो.

त्यावर लिनक्स तुम्हीच घातलं होतं. सीडी लिहायला घेतली की ते म्हणायचं, परवानगी नाही. तो हक्क फक्त रूटचा, म्हणजे यंत्राच्या मालकाचा. मी वैतागून म्हणालो, "सर, रूटचा पासवर्डच द्या की मला. भाषणं माझी, रेकॉर्डिंगं माझी." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "सभेत सत्ता वाटा म्हणून घसा फोडतोस, आणि इथं सगळी एकट्याला पायजे व्हय रं?" मग एका पाठकोऱ्या कागदावर तुम्ही आकडे लिहिलेत: ४७१०. चार म्हणजे सीडी लिहिणारा प्रोग्राम, चालेल तेवढाच वेळ, रूटच्या हक्काने चालेल. सात मालकाचे, म्हणजे सगळे हक्क. एक आपल्या गटातल्या पाच जणांचा. त्यांनी तो फक्त चालवायचा, बदलायचा नाही. शून्य बाकीच्यांचं, त्यांना काहीच हक्क नाही. पासवर्ड पाकिटात घालून तुम्ही कपाटात ठेवलात. अधिकार नेमका किती द्यावा, हे इतकं स्वच्छ मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही.

परवा तळ्यात भराव टाकण्याविरुद्धच्या आपल्या केसमध्ये चित्रीकरण दाखल करायचा शेवटचा दिवस होता. मी कोडोलीत सभेला, फोन बंद. गावाचा कारभार गावाच्या हातात द्या, असं तासभर बोललो. टाळ्या पडल्या. खाली उतरून पाहतो तर कार्यालय सांभाळणाऱ्या ताईंचे अकरा फोन. "दादा, परवानगी न्हाय म्हणतंय की ते. आम्ही समद्यांनी करून बघितलं. पासवर्डचं पाकीट कपाटात न्हाय, तुमच्याकडंच असंल. वकीलसाहेब वाट बघून गेलं." पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. तोवर डंपर येतच राहणार, आणि तळं बुजत राहणार.

आज सकाळी यंत्रापुढे बसलो आणि ४७१० पुन्हा घातलं. ताईंनी सीडी लिहून पाहिली, लिहिली गेली. "एवढंच हुतं व्हय? मग बिघडलं कशानं?"

"जुनं यंत्र हाय," मी म्हणालो.

दमलोय, सर. हल्ली माझंच भाषण मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. हा कागद तुमच्या कपाटात ठेवतोय, पाकीट होतं त्या जागी. तुम्ही गेल्यावर आठवड्याच्या आत ते पाकीट मी फोडलं आणि तुमच्या त्या एकाचा शून्य केला. ताईंना अजून सांगितलेलं नाही.