जाय म्हणजे काय

१३ नोव्हें., रवि.
कळंगुटचा होडीवाला आला. अंगणातल्या फायबरच्या होडीभोवती फेरी मारली, ट्रेलरच्या टायरला लाथ घातली, म्हणाला विकत नेतो. मला तेच हवं होतं. मार्चमध्ये ह्याच होडीचं बूड घासताना हे कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सकाळी पोदेराची घंटा ऐकून पाव घ्यायला दार उघडलं की आधी ती समोर. मी हो म्हणणार एवढ्यात बाल्कांवातून, म्हणजे पुढच्या ओसरीवरून, ह्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला. "जाय! जाय!"
माणूस दचकला. मी म्हटलं, दुरुस्त करते, मग जानेवारीत न्या. का म्हटलं कोण जाणे.

१४ नोव्हें.
ह्यांच्याकडे दोनच शब्द उरलेत. "ना" आणि "जाय". डॉ. म्हणतात, लहानपणीचे शब्द खोल असतात, ते टिकतात.
तीस वर्षं मी हा शब्द घराबाहेर हाकलत होते. "म्हाका च्या जाय." "मला चहा हवा, म्हणा." फेरीबोटीवरचा तांडेल, दिवसभर सुकाणू धरून साऱ्या गावाशी आपल्या कोकणीत गप्पा मारणार, आणि घरी आला की मराठीच्या बाईंपुढे तोंडी परीक्षा! माझी पेडण्याची आई मरेपर्यंत "जाय"च म्हणायची, तिला नाही शिकवलं. मराठीसाठीच्या मोर्च्यात मी सर्वणच्या शाळेचा फलक धरून पुढे, हे मागून माझ्यावर छत्री धरून. शेवटी शेवटी "हवा" म्हणायला शिकले बिचारे. तो "हवा" आता गेला. लाज वाटते मला माझी.

२० नोव्हें., रवि.
मारुतीनं काम घेतलं. मागच्या खोलीतला भाडेकरू, गडहिंग्लजकडचा. डिचोलीला फायबरच्या टाक्यांच्या कारखान्यात आहे, रविवार मोकळा. हातोडीनं होडी ठोकत निघाला, म्हणाला सगळं टणक आहे. हे खुर्चीतून "ना, ना" करायला लागले. खुर्चीसकट उचलून खाली आणलं. डाव्या हातात काठी. ठोकायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. टण. टण. टण. बद्द.
तिथं मा.नं खडूनं फुली मारली आणि कापलं. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं ती, आतून कुजलेली. ओला भुसा नुसता. "आवं बाई, मला ऐकू आलं न्हाई ते सायबांनी ऐकलं!"
दुपारी पेज दोनदा मागून घेतली. जाय.

२७ नोव्हें., रवि.
ट्रेलर. दोन्ही चाकं जाम. बेअरिंगात ग्रीस नाही, जंग आहे आणि कुंभारमाशीचं घर आहे. जंग मी खरवडते. शेजारीण कुंपणावरून, "बाई, पेन्शनीत हें कितें गो?" म्हटलं, वह्या तपासते.

४ डिसें., रवि.
घोटाळा केला. मा. म्हणाला, रेझिनच्या डब्यात एक चमचा हार्डनर घाला. मी घातली एक कुलेर. आमच्या घरात चमचा म्हणजे कुलेर, आमटी वाढायची. दोन मिनिटांत डबा तापला, धूर यायला लागला, आणि ब्रश आतच दगड झाला. मा. बोंबलला, "चमचा म्हंजे च्याचा वो बाई!" हे हसले. मार्चनंतर पहिल्यांदा हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं. डबा फेकवेना, पायरीवर ठेवलाय.

११ डिसें., रवि.
सकाळी दंव. दहापर्यंत हात लावायचा नाही, नाहीतर रेझिन चिकट राहतं. फळी नवी बसली, वर जाळीचे तीन थर. फायबरची कूस अंगभर टोचते. खोबरेल चोपडलं तरी खाजवतेच आहे, लिहितानाही.

१८ डिसें., रवि.
रंग. ह्यांच्यापुढे डबे धरले. लाल? ना. हिरवा? ना. पांढरा? जाय. म्हणजे जाय म्हणजे हवं, ह्यात शंका नको. मग ही होडी ह्यांना हवी आहे आणि मी ती कळंगुटवाल्याला कबूल करून बसले आहे. कोणत्या तोंडानं सांगू?

२५ डिसें., रवि.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
डिचोलीच्या मेकॅनिकनं इंजिन साफ करून दिलं होतं. मा.नं ते पाण्याच्या पिंपात लटकवून दोरी ओढली. चौथ्या ओढीला लागलं. सगळं अंगण धुरानं भरलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी. "जाय. जाय."
मी म्हटलं, होय हो, तुमचीच आहे, कुणी नेत नाही. (खोटं.) तर "ना!" म्हणून काठी आपटली. चहा आणला, ना. पाणी आणलं, ना. मी चिडले. म्हटलं, जाय जाय काय लावलंय, काय जाय ते तरी सांगा! बोलता न येणाऱ्या माणसाला असं म्हटलं मी.
मा. हात पुसत म्हणाला, "बाई, तुमचं चुकतंय. सायेब जायाचं म्हणत्यात. मागलं तुटतंय तेवढं."
मी विचारलं, "नदीवर जायाचं?" मारुतीच्याच बोलीत विचारलं, तेच तोंडात आलं.
पदर धरला माझा. सोडेनात.
होडी नको होती त्यांना. होडीतून जायचं होतं. जन्मभर क्रियापदं शिकवली मी, आणि हे मला टाक्या बनवणाऱ्यानं सांगावं. मोरीत जाऊन रडले.

८ जाने., रवि.
कळंगुटचा निरोप. सोमवारी १६ला टेंपो घेऊन येतो. शब्द दिलाय, फिरवायचा कसा? म्हणजे १५चा रविवार एवढाच हातात. भरती पावणेअकराला, ह्यांच्या जुन्या फेरीबोटवाल्यांना विचारून घेतलं. शेजारच्या शाणूची जीप ट्रेलर ओढणार. एकदा नेऊन आणते, मग जाऊ दे होडी.

१४ जाने.
संक्रांत. ह्यांना तिळगूळ भरवला. मा.नं नवं रबरी बूच आणलं. होडीच्या बुडाला मागं भोक असतं, आत साचलेलं पाणी काढायला, त्याचं. माझ्या हातात देऊन म्हणाला, "ह्ये शेवटी लावायचं." नवी वस्तू. देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू लावलं, वर जास्वंद. ह्यांनी एका हातानं नमस्कार केला.

१५ जाने., रवि.
दहालाच धक्क्यावर. ह्यांच्या वेळचे दोघे फेरीबोटवाले आले. खुर्चीसकट उचलून ह्यांना होडीत ठेवलं, डावा हात इंजिनच्या दांड्यावर. ताठ बसले. असे ताठ बसलेले मी फेरीबोटीवरच बघितले होते. शाणूनं ट्रेलर मागं घेतला, होडी तरंगली. मी काठावरून ओरडले, "जायाचं!"
होडीत चढलेला मा. एकदम, "बाई, पाणी! पाणी येतंय आत!"
घोट्यापर्यंत आलं. मला वाटलं फळी गेली, दोन महिने गेले. ओढून परत ट्रेलरवर घेतली. मा. खाली वाकला, भोकात बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाई. बूच?"
बूच देव्हाऱ्यात. जास्वंदीखाली.
घरी धावले. ह्या वयात, साडी वर खोचून, रस्त्यानं सगळे बघताहेत. परत आले तोवर ओहोटी लागली होती, धक्क्याची खालची पायरी चिखलात. ट्रेलर उतरेना. मी तिथंच बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. ह्यांची चप्पल भिजलेली, लेंगा भिजलेला. म्हटलं, चुकले हो मी. उद्या तर तो टेंपो घेऊन येणार.
हे माझ्याकडे बघत होते. ओठ हलवले, थांबले, परत हलवले. "फा..." मी वाकले. "फाल्यां."
फाल्यां! उद्या! दहा महिन्यांनी नवा शब्द. मुलांच्या वहीत फाल्यां दिसलं की मी लाल रेघ मारून वर "उद्या" लिहायची. दोघे फेरीबोटवाले रडायला लागले. मी म्हटलं, परत म्हणा. परत म्हणाले.
उद्या भरती साडेअकराला. टेंपो दहाला. मारुती म्हणाला, खाडा करतो.
आता संध्याकाळचे सहा. हे खुर्चीतच झोपलेत. बूच डाव्या मुठीत आहे. काढून देव्हाऱ्यात ठेवायला गेले तर मूठ उघडेनात.