युझेसच्या बाजारात बाबा

युझेस,
शनिवार, ८ जुलै १९७८

चि. सोलेनला बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू मला सुटीवर हाकललंस त्याला आज आठवडा झाला. पाय बरे आहेत, झोप लागते, आणि आपल्या खानावळीच्या चौकशीसाठी मी एकदाही फोन केलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आज इथला शनिवारचा बाजार. चौकातल्या झाडांखाली लसणाच्या वेण्या, ऑलिव्हची पिंपं, बकरीच्या दुधाचं चीज, सगळं मांडलेलं. बाजारात सोडलं की मी जेवायचंही विसरतो, हे तुला ठाऊक आहे. आज मात्र दोन फेऱ्या झाल्या तरी पिशवी रिकामीच.

शेवटी एका खरबूजवालीपाशी थांबलो. ओदिल माझेल तिचं नाव. वय माझ्याएवढंच, आवाज आपल्या कोंकार्नोच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारतात तसा. सवयीने मी एक खरबूज उचललं, नाकाला लावलं, मान डोलावली. ती बघत होती. बाकीची गिऱ्हाइकं पांगल्यावर हळूच म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही ना? मलाही येत नाही. अकरा वर्षं झाली."

सोलेन, मी तिथेच एका खोक्यावर बसलो.

खरं आहे ते. जानेवारीतल्या त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. चवही निम्मी गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही. फेब्रुवारीत मासळीचं सूप गिऱ्हाइकांकडून दोनदा परत आलं, तेव्हा तुझा हात बिघडलाय म्हणून मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो. मीठ दुसऱ्यांदा मीच घातलं होतं. मला कळलंच नाही. खानावळ विकायचं माझ्या मनात घोळतंय तेही यामुळेच. नाक गेलेला आचारी काय कामाचा?

फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तू मध्येच बोलली असतीस, आणि मी पुन्हा गप्प बसलो असतो. म्हणून हे पत्र.

ओदिलबाई शिडीवरून पडल्या तेव्हापासून त्यांना वास येत नाही. देठाजवळची चीर बघतात, फळ हातात तोलतात, अंगठ्याने बूड दाबतात. आणि बाजारातली सगळ्यात लांब रांग त्यांच्याकडेच असते.

तुझ्या उत्तराची भीती वाटते, तरी वाट बघतो आहे.
तुझे बाबा

कोंकार्नो,
मंगळवार, ११ जुलै

तीर्थरूप बाबांना सोलेनचा सादर नमस्कार.

पत्र वाचलं आणि आधी खूप चिडले. पाच महिने, बाबा! या पाच महिन्यांत मी एक पातेलं असं उतरवलं नाही, जे आधी भांडी घासणाऱ्या मारिव्हॉनला चाखवलं नाही. ती बिचारी चांगलीच गुटगुटीत झाली आहे. रात्री अंथरुणात पडल्यावर मी माझे हात निरखायचे, यांना झालंय तरी काय म्हणून.

आता माझं ऐका. नांत शहरातल्या एका हॉटेलात मला भाज्या चिरायचं काम मिळत होतं. आता आपल्याला तेवढंच जमेल असं वाटून मी होकाराचं पत्र लिहूनही ठेवलं होतं. उद्या टाकणार होते. आज सकाळी ते चुलीत घातलं.

पण त्याच्या बदल्यात माझ्या अटी आहेत. खानावळ विकायची नाही. पळी माझ्या हातात राहील आणि मिठाचा शब्द माझा असेल. मासा मात्र तुम्हीच निवडायचा. त्याचे डोळे बघायला, कल्ले उघडायला, बोटाने दाबून पाहायला तुम्हाला नाक कधी लागलं हो? आणि ओरडलात सगळ्यांदेखत, तर चूकही सगळ्यांदेखतच कबूल करायची.

वेळेवर जेवा. माझा राग अजून गेलेला नाही, पण तुमची आठवण त्याहून जास्त येते.
तुमची सोलेन

युझेस,
शनिवार, १५ जुलै

चि. सोलेनला अनेक आशीर्वाद.

सगळ्या अटी मान्य. मंगळवारच्या गाडीने निघतो. बुधवारी दुपारी सगळ्यांना ओट्यापाशी थांबवून ठेव. मला बोलायचं आहे, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस.

आज सकाळभर ओदिलबाईंच्या हाताखाली होतो. डोळे मिटून दहा खरबुजं निवडली, त्यातली सात चांगली निघाली. एवढ्यावर त्या मला नोकरीवर ठेवणार नाहीत म्हणे.

बाजार उठल्यावर फरशी धुवायला माणसं आली. मासळीवाल्याच्या बर्फाचं पाणी उन्हात तापून गटाराकडे चाललं होतं. लोक रुमाल लावून वळसा घालत होते, आणि मी मधोमध उभा. फार पुसट होता, येत होता, जात होता. पण घाण वास होता, सोलेन, चांगला सणसणीत घाण वास! ओदिलबाई बाजूला व्हा म्हणून हाका मारत राहिल्या. मी काही हललो नाही.

राग राहू दे, मायाही राहू दे.
तुझे बाबा