भिंतीवरची फट

शाहूपुरी, कोल्हापूर
४ एप्रिल २०२५

ती. सौ. संयोगिताताईंना,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसाल. पण आपल्या आणि काकांच्या घरामधली वाटणीची भिंत वर पत्र्याला टेकलेलीच नाही. इथं फोनवर बोललेलं काकूंच्या ताटात पडतं.

आण्णांची काळजी वाटते. पत्र्याखाली त्यांच्या खोलीची भट्टी झालीय, आणि डॉक्टरांनी उन्हाला जपा म्हणून बजावलंय. तुमच्या भावानं एसी बसवायचं काढलं, तर कारागीर म्हणाला, आधी पत्र्याला आतून फोम फवारून घ्या. तो फुगून घट्ट बसला की ऊन उतरत नाही, वीजही कमी लागते. मात्र भिंतीवरची फट बुजवावी लागेल, नाहीतर गारवा शेजारी जाईल.

एवढं ऐकलं आणि सासरेबुवा बिथरले. फट बुजवायची न्हाय म्हणाले आणि ताटावरून उठले. सख्ख्या भावाशी कैक वर्षं अबोला, मग फटीची एवढी माया कशाला? तुमचंच ऐकतात, तुम्ही समजवा.

लोभ उतू गेला तर चालेल, कमी नको.
आपली,
वर्षाराणी


वारणानगर
९ एप्रिल २०२५

चि. सौ. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोळे भरले. आण्णा सकाळी चहा कधी ठेवतात, बघितलंस? पलीकडं काका खोकले की. मागं काका तापानं पडले, तेव्हा आण्णांनी चार दिवस टीव्ही लावला नाही. विचारलं तर केबल बिघडलीय म्हणाले. भाऊ बोलत नसला तरी आहे, एवढं त्यांना त्या फटीतून कळतं.

पण मला आण्णा हवेत गं. फोम मारून घ्या. त्याचा वास जाईपर्यंत त्यांना माझ्याकडं ठेवते, समजूतही घालते. तू यातलं काही माहीत असल्याचं दाखवू नकोस.

माझ्या भावाला, राजवर्धनला वेळेवर जेवायला घाल आणि माझी आठवण ठेव.
तुझी,
ताई


शाहूपुरी
२४ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईंना सा. न. वि. वि.

आण्णा परवा तुमच्याकडून आले. खोली भर दुपारी गार असते, एसी अजून खोक्यातच आहे. पण काल सकाळी ते चहाचं भांडं हातात घेऊन भिंतीच्या वरच्या, बुजलेल्या कडेकडं बघत बसले. मला फार वाईट वाटलं.

आज सकाळी बेल वाजली. दारात काका. वाटणीनंतर प्रथमच. आत न येता मलाच विचारलं, थोरल्याचा खोकला ऐकू येईना, बरा हाय न्हवं? मी खुर्ची पुढं केली, तर बसले.

आण्णांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. उठून चहा ठेवला आणि मला म्हणाले, त्याच्या कपात साखर घालू नकोस, त्याला शुगर हाय.

हे त्यांना कुणी सांगितलं, ते काकांनी विचारलं नाही. मीही नाही.

आता फोनवर मोकळं बोलता येईल, तरी पत्रं थांबवू नका.
आपली,
वर्षाराणी