उजव्या पायाचा बिबट्या

बाबा, आपल्या बांधावर आता आमची सोसायटी उभी आहे आणि तिच्या मागच्या गेटाशी बिबट्याचे ठसे उमटलेत. तुम्ही असता तर आधी चपला काढून बाजूला ठेवल्या असत्या, मग वाकून पाहिलं असतं, आणि शेवटी 'बिबट्या' म्हणणाऱ्या माणसाकडे डोळे बारीक करून बघत राहिला असतात. मीही तेच केलं, फक्त चपला पायातच राहिल्या. साठी उलटली तरी तुमचा संशयी स्वभाव माझ्या अंगातून जात नाही. भाजीवाला नेहमीपेक्षा जास्त गोड बोलला की मी घरी येऊन पिशवी उलटी करते. नवरा म्हणतो, तू पोलिसात हवी होतीस. त्याला काय माहीत, मी तुमच्या हाताखाली शिकलेय.

परवा सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. मी खाली पोचले तोवर मागच्या गेटाबाहेर ही गर्दी. नाल्याच्या काठचा चिखल, पलीकडे सुबाभळीचं रान, त्याच्याही पलीकडे तिवरं आणि खाडी. आमची माणसं त्या सगळ्याला 'जंगल' म्हणतात. वॉचमननं पट्टी बांधली होती, तिच्या अलीकडचा चिखल लोकांनी तुडवून काला केला होता, आणि पलीकडे ठशांची रांग स्पष्ट दिसत होती. एक बाई म्हणत होत्या, "सीवूड्सला माझ्या भावाच्या बिल्डिंगमागे कोल्हे फिरतात, ते ठीक आहे. हे डायरेक्ट बिबट्या म्हणजे टेन्शनच ना!" आमचे सेक्रेटरी सगळ्यांच्या पुढे, हातात फोन, चेहऱ्यावर काळजी. ती काळजी मला मुळीच पटली नाही. हा माणूस दोन वर्षं त्या गेटाच्या मागे लागलाय. भिंत बांधली तेव्हा आपल्या बोनकोडे गावच्या लोकांनी भांडून ते गेट ठेवायला लावलं, कारण खाडीत उतरायची जुनी वाट तीच. आता गावातून त्या वाटेनं जाणारं एकच माणूस उरलंय, तुमची धाकटी बहीण. आत्या अजून ओहोटी बघून उतरते, चिखलातले खेकडे, चिंबोऱ्या धरते आणि गेटाबाहेर टोपली मांडून बसते. सेक्रेटरींना तिचा वास येतो. गेट बंद झालं तर तिला सगळ्या सेक्टरला वळसा घालून जावं लागेल, आणि तिचे गुडघे आता जिन्यालाही नाही म्हणतात. म्हणजे तिचं खाडीत जाणं संपलंच.

मी ठसे पाहिले आणि मला तुमचा बांध आठवला. भात लागलेलं असताना तुम्ही रोज उजाडता बांधावरून फिरायचात आणि मी मागे. कोल्हे चिंबोऱ्यांसाठी बांध उकरायचे, त्या भोकातून भरतीचं खारं पाणी आत शिरायचं आणि शेत जायचं. म्हणून तुमचे डोळे कायम जमिनीवर. कोल्हा आखल्यासारखा सरळ जातो, कुत्रा हुंगत भरकटतो. कुत्र्याकोल्ह्याचं नख उमटतं, मांजराच्या जातीचं उमटत नाही. पुढचा पंजा मोठा, मागचा लहान, आणि डावा उजव्याहून उलट्या वळणाचा. "जनावर खोटा बोलत नाय," तुम्ही म्हणायचात, "मानसाकडं बघ." आणि माणसं म्हणजे कोण, तर आधी घरातली. सुक्या बोंबलांची माळ चुलीवरून कमी कमी होत चालली तेव्हा आई शेजाऱ्यांना शिव्या घालत होती. तुम्ही झोपताना चुलीपुढे राख पसरलीत. सकाळी आम्ही सगळे उठून बघतोय तर राखेत माणसाचं पाऊल, करंगळी बाहेर वळलेली. तुम्ही एकेकाच्या पायाकडे बघत गेलात आणि आत्यापाशी थांबलात. "मांजर असंल," आत्या म्हणाली. गावदेवीच्या देवळामागे व्यायलेल्या कुत्रीला ती बोंबील नेऊन घालत होती. "सौंशय घरापासनं सुरू करावा," तुम्ही आईला म्हणालात आणि पेज मागितलीत.

तर आमच्या बिबट्याला नखं नव्हती, तिथपर्यंत ठीक. पण तो फक्त उजवा पाय टाकत होता. डावा नाही, मागचा नाही, चिखल मऊ असो की घट्ट, सगळे ठसे सारखेच खोल. शेजारी आत्याची रोजची पावलं होती, ती मी हिशेबातही धरली नाहीत. नाल्याकडून सुरू होऊन ते थेट गेटाशी येऊन संपत होते, जणू बिबट्या चावी लावून आत गेला. खोटे आहेत हे कळायला मला चष्माही लागला नाही. कुणी केले तेही मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. गेट ज्याला बंद करायचं आहे त्यानं! दिवसभर मी सेक्रेटरींवर पाळत ठेवली. त्यांच्या बुटांना चिखल आहे का बघायला लिफ्टमध्ये मुद्दाम घुसले. बूट स्वच्छ होते, त्यामुळे माझा संशय आणखी पक्का झाला.

संध्याकाळी क्लबहाउसमध्ये मीटिंग. सेक्रेटरी उभे राहिले. "बच्चेलोग खेळतात इथे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? गेट परमनंट बंद करू, मामला खतम." लोक माना डोलवायला लागले. मी उठले. काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं, सगळ्यांसमोर त्यांचं पितळ उघडं पाडणार होते. तेवढ्यात त्यांनी तो फोटो भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला. चष्मा डोळ्यांवर होता. बाबा, त्या पंज्याचं कडेचं बोट अर्धं तुटलेलं होतं.

ते बोट तासताना तुमचा कोयता घसरला होता. मी शेजारी बसून बघत होते. बांधातून पाणी सोडायच्या उघाडीच्या दाराशी ओहोटीला अडकणारी मासळी पाळीपाळीनं एकेका घराची, आणि कुणीतरी पाळी नसताना येऊन ती उचलत होतं. तुम्ही पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा पंजा कोरलात, वाकायला नको म्हणून लांब काठीच्या टोकाला बसवलात आणि बांधावर ठसे मारून आलात. पारसिकच्या डोंगरातून बिबट्या उतरलाय अशी गावभर हूल उठली. चोर थांबले. पण आपली पाळी आली तेव्हा आईही बांधावर पाय ठेवेना, आणि तुम्हाला खरं सांगता येईना. पाटी डोक्यावर घेऊन एकटेच जाताना तुमचा चेहरा बघण्यासारखा होता. "बाबा, याला डावा पाय नाय," मी म्हणाले होते. तुम्ही हसलात. "चोर पाय बघाला थांबत नाय." मला वाटलं होतं, जुनं घर पाडलं तेव्हा तो पंजा चुलीत गेला असेल.

"बोला मॅडम," सेक्रेटरी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. खोटे म्हटलं की लोक विचारणार कुणाचे, आणि गेटाशी रोज बसणारी बाई एकच. खरे म्हटलं की गेट बंद. मग तोंडातून निघून गेलं ते असं: "बिबट्याला गेट लागत नाही, तो भिंतीवरून येतो. गेट बंद केलं तर आत्याबाईंचं येणंजाणं तेवढं थांबेल. त्या रोज खाली उतरतात. जनावर आलं तर आधी त्यांना कळणार. मग आपल्याला कोण सांगेल?" थोडी कुजबुज झाली. आमच्या माणसांना फुकटचा वॉचमन आवडतो. ठरलं असं की गेट दिवसा उघडं, आणि आत्यानं काही दिसलं तर सेक्रेटरींना फोन करायचा. ज्यांना तिचा वास यायचा त्यांनीच तिचा नंबर मागून घेतला.

मी तडक बोनकोड्याला गेले. आत्या ओटीवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. दाराआड पंज्याची काठी उभी, चिखल वाळलेला.

"आत्या, ह्ये काय?"

"मंग काय करू?" ती माझ्यावरच खेकसली. "नाल्याकडशी डंपर येतान, राडारोडा टाकतान. तिवरा मेली, चिंबोरीची बिला बुजली. डंपरवाल्यांना सांगाला जेली त हसले माना. तुझे बापाचा पंजा होता, मारला तयां. आज दिसभरात येक डंपर नाय आला."

"पन गेटापरत कशाला मारत आयलीस?"

आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मारली नाय गो. गुडघा दुखत होता. काठी समजून टेकत आयली."

मी तिला रागवायला गेले होते. तिच्याजवळ बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग हसू सरलं आणि तुमची फार आठवण झाली. तुमचा जन्म त्या बांधावर गेला आणि ती म्हातारी अजून तुमचंच राखणीचं काम करतेय, एकटी.

निघताना काठी मी मागून घेतली. काल उधाणाच्या भरतीनं गेटाकडचे ठसे धुऊन नेले. पण डंपर परत येणार, आणि आताच्या चोरांच्या खिशात कॅमेरा आहे, ते फोटो मोठा करून पाय बघतात. म्हणून आज नवरा फिरायला गेल्यावर मी डावा कोरला. लाकूड फळीचं आहे, पांगारा आता इथं कुठे शोधू? वळण बरोबर आलंय का ते बघायला तांदळाचं पीठ भिजवून ओट्यावर थापलं आणि डावा-उजवा शेजारी शेजारी उमटवून पाहिले. तुमच्याइतका नाही जमला, पण चालेल. आत्याला आता काठी साधीच द्यायची, डंपरच्या वाटेवर मी जाणार.

हे पत्र मी लिहून झाल्यावर फाडून टाकणार आहे. तुमच्या मुलीनं असा पुरावा घरात ठेवणं बरं नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पीठ पुसायच्या आत नवरा परत आला. त्यानं ओट्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि विचारलं, हे काय? मी म्हणाले, मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही, बाबा.